एका मोटारसायकलचे भाग दुसरीला : घरगुती फेरबदलांचा आढावा

मोटारसायकलमध्ये घरी किंवा गल्लीतल्या गॅरेजात जे बदल केले जातात, त्यांतले रंग, सीट, आरसे, स्टिकर यांसारखे वरवरचे बदल बाजूला काढले, तर मुख्यतः एकच प्रकार उरतो, तो म्हणजे दुसऱ्या मॉडेलचे पुढचे शॉकअप, ब्रेक, चाक, कार्बोरेटर, गिअरबॉक्स किंवा सबंध इंजिन आपल्या गाडीला बसवणे. या प्रकाराकडे हौशी मंडळी हाताचे कसब म्हणून पाहतात आणि परिवहन खाते गुन्हा म्हणून पाहते. दोन्ही बाजूंची चर्चा बहुधा ‘भाग बसतो का’ आणि ‘भाग चालतो का’ या दोन प्रश्नांपाशी थांबते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. गाडीचा प्रत्येक भाग कारखान्याने दुसऱ्या एखाद्या भागाच्या हिशेबाने ठरवलेला असतो, त्यामुळे एक भाग बदलला की तो हिशेब कुठे कुठे मोडतो आणि तो कोणी पुन्हा मांडला आहे का, हे तपासल्याशिवाय या उद्योगाची बाजू घेता येत नाही आणि त्याला सरसकट दोषही देता येत नाही.

भारतात या उद्योगाचा उगम हौसेत नसून टंचाईत आहे. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड बुलेटची जुळणी सुरू झाली, १९६१ च्या सुमारास म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून जावा गाड्या बाहेर पडू लागल्या आणि त्याच दशकात एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीवर आधारलेली राजदूत बाजारात आणली. परवाना राजवटीत या तीन गाड्यांना फारशी स्पर्धा नव्हती, म्हणून त्यांच्या रचनेत वर्षानुवर्षे मोठा बदल झाला नाही. एरवी हे मागासलेपणाचे लक्षण मानले जाते, परंतु गॅरेजवाल्यांच्या दृष्टीने ती मोठी सोय ठरली, कारण साठच्या दशकातल्या बुलेटला ऐंशीच्या दशकातल्या बुलेटचे बरेच भाग जसेच्या तसे बसत. त्यातही बुलेटचे इंजिन आणि गिअरबॉक्स ही दोन स्वतंत्र ओतकामे होती. या रचनेला प्री-युनिट म्हणतात आणि तिच्यात गिअरबॉक्स इंजिनला हात न लावता वेगळा काढता येतो. पुढे कंपनीने पाच गिअरचा आणि डाव्या पायाने चालणारा गिअरबॉक्स आणला, तेव्हा तो चार गिअरच्या, उजव्या पायाच्या जुन्या बुलेटला बसवण्याचे काम अनेक गॅरेजांनी नेहमीच्या कामांत जमा केले. त्या बदलात ब्रेकचे पॅडलही डावीकडून उजवीकडे न्यावे लागते, हे मात्र काही जणांना काम अर्ध्यावर आल्यावर कळते. २००९ च्या आसपास इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतकामात असलेले युनिट इंजिन आले आणि ही मोकळीक संपली.

परदेशातही या प्रकाराचे मूळ उपलब्धतेतच सापडते. पन्नास-साठच्या दशकांत इंग्लंडमध्ये गाजलेली ‘ट्रायटन’ ही कोणत्याही कारखान्याची गाडी नव्हती. नॉर्टनची ‘फेदरबेड’ चौकट आणि ट्रायम्फचे दोन सिलिंडरांचे इंजिन यांच्या घरगुती संयोगाला ते नाव मिळाले. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी रचलेली ही चौकट वळणावर स्थिर राहण्याबद्दल प्रसिद्ध होती. छोट्या रेसिंग कार बांधणाऱ्यांना हीच चौकट असलेल्या नॉर्टन मँक्सचे इंजिन हवे असे आणि कंपनी ते सुटे विकत नसे. म्हणून हे कार बांधणारे पूर्ण मोटारसायकल विकत घेत, इंजिन काढून घेत, आणि त्यामुळे इंजिनाविना राहिलेल्या उत्कृष्ट चौकटी स्वस्तात मिळू लागल्या. ट्रायटनचे एवढे कौतुक झाले ते दिसण्यामुळे नव्हे. त्या जोडणीत चांगली चौकट आणि जोमदार पण सहज दुरुस्त होणारे इंजिन यांची बेरीज खरोखरच मूळच्या दोन्ही गाड्यांपेक्षा सरस निघत होती.

ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याने आलेल्या शंभर सीसीच्या गाड्यांनी भारतातील फेरबदलांना नवे क्षेत्र दिले. त्यांत यामाहा आरएक्स १०० चे स्थान वेगळे आहे. १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या या टू-स्ट्रोक गाडीच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर होता आणि पिस्टनचा फेराही ५० मिलिमीटर, म्हणजे क्षमता सुमारे ९८ सीसी. तिच्या मागून आलेल्या आरएक्स १३५ मध्ये फेरा तोच राहिला आणि व्यास ५८ मिलिमीटर झाला, त्यामुळे क्षमता १३२ सीसीपर्यंत गेली. फेरा समान असल्याने दोन्ही इंजिने एकाच कुळातली आहेत. मोठ्या गाडीचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा ठोकळा, किंवा पाच गिअरची जोडणी छोट्या गाडीत घालण्याचा उद्योग म्हणूनच इतका पसरला. हा बदल ‘बसतो’ यात शंका नाही. तथापि मोठा सिलिंडर जास्त हवा ओढतो, म्हणून कार्बोरेटरमधून पेट्रोलही त्याच प्रमाणात जास्त जावे लागते. पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्राची पितळी नळी, म्हणजे जेट, जुनीच ठेवली तर मिश्रण पातळ होते, ज्वलनाचे तापमान वाढते आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलच्या मिश्रणाबरोबरच आत जात असल्याने पिस्टन सिलिंडरला चिकटून इंजिन धावत्या गाडीत जाम होण्याचा धोका उभा राहतो. ब्लॉकच्या तुलनेत जेटची किंमत नगण्य असते, आणि तरीही जाम झालेल्या इंजिनांच्या मुळाशी बरेचदा तोच न बदललेला जेट निघतो.

भागांच्या अदलाबदलीला कारखान्यांचाही अप्रत्यक्ष हातभार असतो, याची नोंद या चर्चेत क्वचितच घेतली जाते. हिरो होंडाच्या सीडी १००, स्प्लेंडर आणि पॅशन या गाड्यांत ९७.२ सीसीचे एकाच कुळातले इंजिन वापरले गेले आणि अन्य कंपन्याही खर्च वाचवण्यासाठी एकच भाग अनेक मॉडेलांत वापरतात. गॅरेजमध्ये ‘हे त्याला बसतं’ असे जे ज्ञान तोंडी चालत आलेले असते, ते पुष्कळदा या कारखानी समानतेचाच अनुभवातून लागलेला शोध असतो. पुण्यातील नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानदाराला गाडीचे नाव सांगितल्यावर तो दुसऱ्याच गाडीचा भाग पुढे करतो, त्यामागेही हेच असते. अशी अदलाबदल एका कुळात असते तोवर धोका कमी असतो. वेगळ्या वजनाच्या आणि वेगळ्या भूमितीच्या गाडीचा भाग आणला की हिशेब नव्याने मांडावा लागतो.

हा मुद्दा पुढच्या शॉकअपच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट होतो. पल्सरसारख्या गाडीचे जाड नळ्यांचे शॉकअप जुन्या हलक्या गाडीला बसवणे हा आजचा अतिशय लोकप्रिय बदल आहे. त्यात पहिली अडचण येते ती दोन्ही नळ्यांना वरून धरणाऱ्या ‘टी’ची. टीच्या मधोमध असलेला दांडा चौकटीच्या डोक्यात बेअरिंगवर फिरतो आणि त्याची लांबी व जाडी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. मग जुना दांडा काढून, नव्या टीत दाबून, लेथवर मापाला उतरवून घेतला जातो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी, जिथे ओतकाम आणि यंत्रकामाची जुनी परंपरा आहे, असे काम मापात करून देणारे हात सापडतात, आणि या देशात फेरबदलांची संस्कृती टिकली त्याचे बरेचसे श्रेय अशा टर्नर-फिटरांना द्यावे लागेल. परंतु दांडा बसला म्हणजे काम झाले असे नाही. हँडल ज्या अक्षावर फिरते तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायर जिथे टेकतो त्या बिंदूच्या थोडा पुढे जमिनीला भेटतो, आणि या दोन बिंदूंमधील अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. गाडी सरळ धावू पाहते ती या अंतरामुळे. ते सामान्यतः दहा सेंटिमीटरच्या आसपास असते. १३०० मिलिमीटर चाकांतर असलेल्या गाडीला मूळच्यापेक्षा २० मिलिमीटर आखूड शॉकअप बसवले, तर हँडलच्या अक्षाचा कल सुमारे पाऊण अंशाने उभा होतो आणि ट्रेल पाच-सहा मिलिमीटरने घटतो. नव्या टीमध्ये नळ्या अक्षाच्या अधिक पुढे धरलेल्या असतील तर तो आणखी घटतो. अशी गाडी शहरात चपळ वाटते, आणि महामार्गावर वेग वाढल्यावर तिचे हँडल थरथरू लागते.

वजनाचा हिशेबही याच जागी चुकतो. आरएक्स १०० चे वजन साधारण शंभर किलो, तर पल्सर २२० चे दीडशेच्या घरात. दीडशे किलोंसाठी निवडलेली स्प्रिंग शंभर किलोंच्या गाडीखाली पुरेशी दबत नाही, खड्ड्यावर चाक जमिनीला धरून राहण्याऐवजी उडते, आणि जो बदल पकड वाढवण्यासाठी केला त्याने पकड कमी होते. यावर उपाय आहे. स्प्रिंग आणि तेलाचा दाटपणा बदलून पुष्कळ सुधारणा करता येते. मात्र त्यासाठी मोजमाप आणि फेरफटक्यांवर फेरफटके लागतात, जाड नळ्यांचा रुबाब तर पहिल्याच दिवशी मिळतो.

ब्रेकच्या बाबतीत अदलाबदलीचे समर्थन सर्वांत बळकट आहे आणि निष्काळजीपणाची शिक्षाही तिथेच सर्वांत कठोर आहे. १९८३ साली आलेल्या राजदूत ३५० चे उदाहरण बोलके आहे. जपानी मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, तर भारतीय आवृत्तीत दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक दिले गेले, आणि तीस अश्वशक्तीच्या आसपास जोर असलेली ही ३४७ सीसीची गाडी थांबण्यापेक्षा पळण्याबद्दलच अधिक प्रसिद्ध झाली. तिच्या मालकांनी पुढे अन्य गाड्यांचे डिस्क ब्रेक बसवून घेतले ही सुधारणाच म्हणायला हवी. पण डिस्क बसवणे म्हणजे नुसती तबकडी बसवणे नव्हे. हँडलवरच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन तेल दाबतो, तो दाब नळीतून चाकाजवळच्या कॅलिपरमधील मोठ्या पिस्टनपर्यंत जातो, आणि ब्रेकचा जोर या दोन पिस्टनांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. १२.७ मिलिमीटरच्या मास्टर सिलिंडरसाठी आखलेल्या कॅलिपरला दुसऱ्या गाडीचा १४ मिलिमीटरचा मास्टर सिलिंडर जोडला, तर क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते आणि बोटांचा जोर तेवढाच राहिल्यास तेलाचा दाब सुमारे अठरा टक्क्यांनी घटतो. लिव्हर कडक लागते, कमी दबते, ‘ब्रेक टाइट झाला’ असे वाटते, आणि प्रत्यक्षात गाडी उशिरा थांबते. म्हणून मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि तबकडी एकाच गाडीची घ्यावीत, हा गॅरेजमधील जुना नियम शास्त्राला धरून आहे. कॅलिपर धरणारे कान नसलेल्या जुन्या ॲल्युमिनियम नळीवर वेल्डिंग करून कान जोडण्याचा प्रकार मात्र कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही, कारण त्या उष्णतेने आसपासच्या धातूची ताकद उतरते आणि आपत्कालीन ब्रेकचा सगळा ताण नेमका त्याच सांध्यावर येतो. मागचे दोन शॉकअप काढून मधोमध एकच मोनोशॉक बसवण्याबद्दलही असेच म्हणावे लागेल. चौकटीच्या ज्या भागावर तो भार नव्याने येतो, तो भाग त्या भारासाठी बनवलेलाच नसतो.

त्यामानाने साखळी आणि स्प्रॉकेट यांतील बदल निरुपद्रवी आहेत. पुढचे पंधरा दात्यांचे स्प्रॉकेट काढून चौदा दात्यांचे बसवले तर चाकाला मिळणारी ओढ सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि त्याच प्रमाणात एका ठरावीक वेगाला इंजिन जास्त फिरते. घाटात व ओझ्याला ते उपयोगी पडते आणि सपाट रस्त्यावर पेट्रोल खाते. विजेच्या बदलांतली चूक बहुतेक वेळा एकाच जागी असते. ३५ वॅटच्या दिव्याच्या वायरिंगवर ६० वॅटचा बल्ब लावला की प्रवाह तीनऐवजी पाच अँपिअर होतो, आणि मधे रिले न घातल्यास हँडलवरचे बटण व वायर तापून वितळतात.

ग्रामीण भागात याच कौशल्याने वेगळे रूप घेतले आहे. सौराष्ट्रात बुलेटच्या पुढच्या अर्ध्या भागाला मागे दोन चाकांचा सांगाडा जोडून ‘छकडो’ ही मालवाहू तीनचाकी तयार झाली, तर अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी बुलेटच्या मागे शेतीची अवजारे जोडणारी ‘बुलेट सांती’ घडवली आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने तिची दखल घेतली. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील असेही त्याच वेळी म्हटले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. कौतुक आणि बंदी यांची ही गाठ या विषयात सर्वत्र आढळते.

कायद्याची स्थिती अशी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. हे कलम २००० सालच्या दुरुस्तीने अधिक कडक झाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात त्याचा अर्थ काटेकोरपणे लावून, राज्यांचे नियम या कलमाच्या वरचढ ठरू शकत नाहीत, हे स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. इंधनबदलाच्या मान्यताप्राप्त किटला आणि दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेण्यालाही कायद्यात वाट ठेवलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आता नोंदणी प्रमाणपत्रात चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, घनक्षमता, इंधन, रंग असे तपशील असतात. ब्रेक कोणत्या जातीचा किंवा शॉकअप कोणत्या जाडीचे, हे त्यात लिहिलेले नसते. त्यामुळे कलम ५२ च्या शब्दांत हे बदल थेट सापडत नाहीत, आणि कलम १८२-अ मध्ये मात्र सुटे भाग बसवण्याचा उल्लेख असल्याने ते त्याच्या कक्षेत ओढता येतात. या धूसर पट्ट्यात काय करायचे हे सध्या चौकात उभ्या असलेल्या हवालदारावर सोपवलेले आहे.

प्रत्यक्ष कारवाई बहुतांशी एकाच भागावर होते, तो म्हणजे सायलेन्सर. पावणेदोनशे सीसीहून मोठ्या मोटारसायकलसाठी उत्पादनाच्या वेळची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून लावलेले ‘फटाका’ सायलेन्सर ती सहज ओलांडतात, आणि पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये वाचकांच्या परिचयाची आहेत. या कारवाईबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मध्यरात्री निवासी वस्तीत फटाके फोडत जाणाऱ्या गाडीला अभियांत्रिकीचे कोणतेही समर्थन नसते. नुकसान एवढेच झाले की ‘मॉडिफाय केलेली गाडी’ या शब्दांचा अर्थ लोकमानसात ‘आवाज करणारी गाडी’ असा होऊन बसला, आणि ब्रेक, चौकट व भूमिती यांतले खरोखर जीवघेणे बदल, ते मुके असल्यामुळे, कोणाच्या नजरेत येत नाहीत. जुन्या बाजारातून बिलाविना घेतलेल्या इंजिनाचा धोका आणखी वेगळा. ते चोरीच्या गाडीचे निघाल्यास प्रकरण परिवहन खात्याच्या हद्दीतून फौजदारी कायद्याच्या हद्दीत जाते.

दरम्यान तंत्रज्ञानच या उद्योगाचा परीघ आखडत आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली, आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार होऊन त्याची जागा संगणक-नियंत्रित फ्युएल इंजेक्शनने घेतली. एबीएस चाकाचा वेग दातेरी कडीवरून मोजते. चाक दुसऱ्या मॉडेलचे घातले आणि कडीच्या दात्यांची संख्या जुळली नाही, तर यंत्रणा चुकीचा वेग वाचते. लेथवर दांडा उतरवता येतो, संगणकातला नकाशा तिथे उतरवता येत नाही. त्यामुळे घरगुती अदलाबदल पुढील काळात जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांपुरती उरेल असे दिसते. नव्या वाटेचा एक नमुना ठाण्यातल्या एका कंपनीने २०२१ मध्ये दाखवला, जेव्हा हिरो स्प्लेंडरचे पेट्रोल इंजिन काढून विजेवर चालवण्याचे मान्यताप्राप्त किट तिने बाजारात आणले. तपासलेला भाग, ठरलेले मॉडेल आणि नोंदणीत होणारी नोंद, असे या मान्यतेचे स्वरूप आहे.

हीच पद्धत इंधनाच्या बदलापुरती का ठेवावी, याला सबळ कारण दिसत नाही. जर्मनीत तपासणी संस्थेच्या अभियंत्याकडून बदल पारखून घेऊन तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवता येतो, आणि ब्रिटनमध्ये एकट्या-दुकट्या बांधलेल्या मोटारसायकलची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची व्यवस्था आहे. भारतात वाहनांची चाचणी करणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे, आणि ड्रमच्या जागी डिस्क, सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट, अशा मोजक्या सुधारणांची जुन्या मॉडेलनिहाय यादी करून त्यांना मान्यता देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. चौकट कापणे, ॲल्युमिनियमला वेल्डिंग करणे आणि सायलेन्सर पोकळ करणे यांवरची बंदी त्यामुळे सैल होणार नाही, उलट तपासनीसाला काय शोधायचे ते नेमके कळेल. अशी यादी होत नाही तोवर राजदूत ३५० ला चांगला ब्रेक बसवणारा मालक आणि चौकट कापून मोनोशॉक बसवणारा मालक यांच्यात कायदा फरक करत नाही, आणि दोघांसाठीही दंड प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये हाच आहे.